भोक कुठे पाडायचं नाही

आयुष्यभर काय काम केलं, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, भोकं पाडली. ऐकणारा हसतो. मीही हसू देतो. पण धातूत भोक पाडणं दिसतं तेवढं साधं काम नाही, आणि ज्या भोकांनी माझा जीव सगळ्यांत जास्त टांगणीला लावला, ती तर मी पाडलेलीच नव्हती.

लाखनीत हायवेला लागून माझं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक उभं ड्रिल मशीन, वेल्डिंगचा संच आणि वर पत्रे. मुख्य गिऱ्हाईक भातगिरण्यांचं. शाफ्ट झिजला, पुली फुटली की गिरणीवाला धापा टाकत येतो, कारण हंगामात गिरणी बंद पडली की दारात धानाच्या पोत्यांचा डोंगर उभा राहतो. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर लेथ मी पुतण्याच्या हाती दिला. ड्रिल मात्र कुणाला दिलं नाही. वेल्डिंगवाल्याची चूक झाली तर तो वरून भर घालतो. ड्रिलवाल्याला ती सोय नाही. भोक पडलं की पडलं.

सायकलीचं काम मी कधी केलं नव्हतं. ते दुर्गामुळे सुरू झालं.

दुर्गा एकोडीची. घरी धानाची शेती. तिचा मोठा भाऊ खेमराज लाखनीजवळच्या एका राइस मिलमध्ये मशीन चालवतो, म्हणून माझ्या ओळखीचा. एका दुपारी दोघं बहीणभाऊ सायकल घेऊन दारात उभे राहिले. सायकल शर्यतीची, वाकड्या हँडलची, नागपूरच्या कुणीतरी वापरून सोडलेली. दुर्गा तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तालुक्यात तिच्यापुढे जाणारी मुलगी उरली नव्हती. जिल्ह्यात मात्र होत्या. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात एका जुन्या परदेशी सायकलीचा फोटो होता. चेनच्या चकतीला, ब्रेकच्या मुठीला, सीटच्या नळीला, सगळीकडे गोल गोल भोकं. लोखंडाची चाळणीच केली होती म्हणा ना.

"काका, जुन्या जमान्यात रेसवाले असं करत होते. वजन कमी होते मनते."

"आन् तुले कायले पायजे?"

"बाकीच्या पोरी सायकल एका हातानं उचलते, काका. माझी उचलाले दोन्ही हात लागते."

खेमराज मागून म्हणाला, "करून द्या ना मिस्त्रीकाका. तिले नवीन सायकल घेऊन देनं माझ्यानं होत नाई. एवढं तं होईल."

मी सायकल दोन दिवस ठेवून घेतली. नुसती पाहत बसलो. बाहेरच्या माणसाला वाटतं, ड्रिलवाल्याचं काम म्हणजे भोक पाडणं. खरं काम असतं कुठे पाडायचं नाही ते ठरवणं. धातूच्या प्रत्येक तुकड्यात काही भाग राबत असतो आणि काही भाग नुसता सोबत असतो. जोर कुठून येतो आणि कुठे जातो, ते बोटाने चाचपत जायचं. चेनच्या चकतीत दात आणि मधला भाग राबतो, त्यांच्या मधल्या पट्टीतून थोडं काढलं तर चालतं. ब्रेकच्या मुठीत फक्त मधल्या भागातून थोडं काढता येतं. सीटच्या नळीत अगदी खाली, जिथे ती उगाचच लांब असते तिथे.

मग खुणा करायच्या, प्रत्येक खुणेवर पंचाने बारीक खळगा पाडायचा, म्हणजे ड्रिलचं टोक घसरत नाही. आधी बारीक बिट, मग मोठं. घाई केली तर बिट अडकतं आणि तुकडा हातातून हिसकतो. तेल टाकत, दम खात काम करायचं. आणि शेवटी, जे कुणाला दिसत नाही ते काम. भोकाची कड घासून घासून गुळगुळीत करायची. धातूला भेग पडते ती नेहमी अशा एखाद्या खरबरीत कडेपासून.

दुर्गाची ती एकच सायकल होती. एक बिट घसरलं असतं तर तिची त्या वर्षीची शर्यत माझ्या टेबलावरच संपली असती. चकती पूर्ण झाली तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता.

निघालेला सगळा कीस मी एका कागदात गोळा केला आणि शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ठेवला. मूठभर शेंगदाण्यांचं वजन असतं, जवळजवळ तेवढंच. मला वाटलं, दुर्गा हिरमुसेल. ती म्हणाली, "एवढं तं मी फुकटचंच वाहून रायली होती ना!"

सायकल दिसायची मात्र देखणी. लाखनीत बोलबाला झाला. एक दूधवाला आला, सायकलच्या दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लटकत होते. म्हणाला, "माझी बी हलकी करून द्या." मी म्हटलं, "दूध कमी नेत जा, आपोआप हलकी होईल." तो रागावून उभाच राहिला. शेवटी त्याच्या कॅरिअरला चार भोकं पाडून दिली. आता सायकल वाऱ्यासारखी पळते, असं तो गावभर सांगत फिरला. हलकेपणाचं निम्मं वजन मनातच असतं, हे मी तेव्हा शिकलो.

शर्यत हिवाळ्यात होती. तिच्या आठवडाभर आधी दोघं पुन्हा आले. दुर्गाने स्टेमवर बोट ठेवलं. सायकलच्या पुढच्या नळीला हँडल जोडणारा, मुठीएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा असतो, त्याला स्टेम म्हणतात.

"याच्यातून काही निघते का काका?"

"याच्यातून काही नाही निघत."

"छोटेशे दोन?" खेमराजने विचारलं.

"एकबी नाही," मी म्हटलं. "ती शेवटाले पायडलवर उभी रायते, तेव्हा सगळं अंग या एका तुकड्यावर लटकते. इकडून तिकडून हँडल ओढते ना ती! लोखंड रायलं असतं तं वाकून सांगतलं असतं. हे ॲल्युमिनियम होय. हे सांगत नाई, तुटते."

दुर्गाने मान हलवली. तिला पटलं होतं. खेमराज स्टेमकडे पाहत उभा राहिला.

मुलींची शर्यत साकोलीबाहेरून निघणार होती. मोठ्या तलावाला वळसा घालून एकोडीवरून पुढे जायचं आणि पलीकडच्या गावातल्या शाळेच्या मैदानापाशी संपवायचं. पहिल्या दोघींना विभागाच्या निवडीसाठी पाठवणार होते. मी आणि खेमराज त्याच्या मोटरसायकलवर तलावाच्या अलीकडच्या वळणावर जाऊन उभे राहिलो. सकाळचं कोवळं ऊन होतं, रस्त्याच्या कडेला शाळेची मुलं झेंडे घेऊन बसली होती. मुलींचा घोळका आला. दुर्गा पुढच्या चौघींत होती.

"हाण दुर्गे, हाण!" खेमराज उड्या मारत ओरडला. घोळका सपकन निघून गेला.

खेमराज हसत माझ्याकडे वळला. "काका, एक सांगू? रागवसान नाई ना?"

"काय?"

"आज तिची सायकल अजून हलकी हाय. स्टेमले मी छेद पाडले. काल, मिलमंदी. खालून पाडले, वरून काळी टेप गुंडाळली."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "तिले मालूम हाय?"

"नाई. जिंकली का मग सांगनार होतो."

"कुठे पाडले? दाखव."

त्याने स्वतःच्या मुठीवर बोटाने दाखवलं. स्टेम जिथे हँडलला धरतो अगदी तिथे, एकाला लागून एक.

"कडा घासल्या होत्या?"

"कायच्या कडा?"

मी काय बोललो ते आठवत नाही, पण माझा चेहरा पाहून खेमराजचं हसू विरलं. "काका, तुटते काय?" त्याने विचारलं. मग स्वतःच पुढे म्हणाला, "शेवटाले ती उभी रायते."

आम्ही गाडी वळवली. वळणावर स्वयंसेवक होता, त्याने हात आडवा केला. शर्यतीच्या मागे बाहेरची गाडी सोडायची नाही, असा त्याला हुकूम होता, आणि बरोबरच होता. पुढे मुली सायकलवर आणि मागून एक म्हातारा आणि एक तरणा गाडीवर सुसाट, हे त्याने कसं चालू द्यावं? मी त्याला सांगितलं, मुलीची सायकल धोक्याची आहे, तिला थांबवायचं आहे. त्याने लगेच मोबाइल काढून पुढच्या माणसाला लावला. एकदा लावला, दोनदा लावला. "लागूनच नाई रायला," तो म्हणाला. "जंगलाचा पट्टा हाय ना तो."

"पारीवरून जाता येते, काका," खेमराज म्हणाला.

पार म्हणजे तलावाचा बांध. रस्ता तलावाला मोठा वळसा घालतो, पार सरळ जाते. पण ती माणसांच्या आणि म्हशींच्या पायाखालची वाट, मोटरसायकलची नाही. खेमराजने गाडी वर चढवली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल उतार, मध्ये हातभर वाट. मी त्याच्या खांद्यांना धरून बसलो होतो.

पारीच्या मध्यावर आलो आणि पाण्यापलीकडे रस्ता दिसला. रस्त्यावर रंगीत ठिपके सरकत होते. त्यातला दुर्गाचा पिवळा सदरा मी ओळखला. तिथे थोडा चढ आहे. पुढचे तीन ठिपके उंच झाले. मुली पायडलवर उभ्या राहिल्या होत्या.

"काका, पाहा ना! उभी हाय का? पडली का?" खेमराजला वाटेवरून नजर हलवता येत नव्हती.

मी पाहत होतो. पिवळा ठिपका डावीउजवीकडे झुलत होता. प्रत्येक झोक्याला त्या स्टेमवर काय होत असेल, ते मला इतक्या लांबून हातात जाणवत होतं. चढ संपला. ठिपका पुन्हा खाली बसला.

"नाई पडली. चाल, चाल."

पार उतरलो आणि बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत शिरलो. धान कापून झालं होतं, बांध्यांत लाखोरीचं पीक उभं होतं आणि दोन बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यावरून आमची गाडी. एके ठिकाणी धुरा ढासळला. गाडी आडवी झाली, मी लाखोरीत आणि खेमराज गाडीखाली. त्याने पाय ओढून काढला, गाडी उचलली, किक मारली. सुरू होईना. गाडी तिथेच टाकून आम्ही पळालो. पळालो म्हणजे तो पळाला, मी मागून गुडघा धरत गेलो.

एकोडीच्या अलीकडे रस्त्यावर लहानसा पूल आहे. मी रस्त्यावर पोचलो तेव्हा शर्यतीपुढची जीप हॉर्न वाजवत निघून गेली होती आणि वळणावर तीन सायकली दिसायला लागल्या होत्या. दुर्गा दुसरी होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही 'थांब' म्हणून ओरडलो आणि तिने घाबरून ब्रेक दाबला, तर सगळा भार पुढे, त्याच स्टेमवर येणार. 

"ब्रेक मार मनू नको," मी खेमराजला ओरडलो. "पायडल बंद कर मन. हँडल ओढू नको मन!"

खेमराज रस्त्याच्या कडेला उभा होता. त्याचा पाय रक्ताने भरला होता. त्याने दोन्ही हात जोडले. मग तो ओरडला. "दुर्गे! पायडल सोड! हँडल ओढू नको, तुले मायची आन हाय!"

दुर्गाने मान वर केली. दर शर्यतीत नाचत ओरडणारा भाऊ हात जोडून रडताना तिने पाहिला. तिचे पाय थांबले. बाजूने एक सायकल निघून गेली, मग आणखी एक. दुर्गाची सायकल तशीच घरंगळत पुलावरून गेली, पुलाच्या कडेचा धक्का बसला तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती रस्त्याखाली गवतात उतरून धानाच्या तणसाच्या ढिगाजवळ थांबली होती.

आम्ही पोचलो तेव्हा ती सायकल धरून उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

"बाबाले काय झालं?" तिने विचारलं. "सांगा ना! बाबाले काय झालं?"

घरात काही वाईट घडलं म्हणूनच भाऊ आडवा आला, असं तिला वाटलं होतं. खेमराज खाली बसला. मग मीच म्हटलं, "बाबा चांगला हाय, बाई. घरचे सगळे चांगले हाय." आणि स्टेमवरची टेप सोडवली.

तिने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. लांबून मैदानावरच्या लाउडस्पीकरचा आवाज येत होता, नावं पुकारली जात होती. त्या नावांत तिचं नाव नव्हतं.

"मले इचारलं काहून नाई?" एवढंच ती भावाला म्हणाली. सायकल हातात धरून पायी घराकडे निघाली. खेमराजने हँडल धरायला हात पुढे केला, तो तिने कोपराने बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी मी एकोडीला जाऊन स्टेम काढून आणला. भिंगातून पाहिला, प्रत्येक भोकाच्या कडेवरून नख फिरवलं. कडा खरबरीत होत्या, पण भेग म्हणावी अशी भेग मला सापडली नाही. खरं सांगतो, सापडली असती तर मला झोप लागली असती. तिचं वर्ष मी रस्त्यात आडवा येऊन थांबवलं होतं, आणि हातात पुरावा काही नव्हता. स्टेम ड्रिलच्या बाजूला तसाच पडून राहिला.

काही दिवसांनी दुर्गा एकटी आली. "काका, तो स्टेम ठेवला हाय ना? तोडून पाहू."

मी स्टेम व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाच्या शिकंज्यात आवळला आणि त्यात लांब पाइप घट्ट बसवला. मी ओढणार होतो, पण ती म्हणाली, "मी ओढते. माझाच जोर होता ना!" तिने पाइप धरला, शर्यतीत ओढायची तसा ओढला. काही झालं नाही. परत ओढला. काही नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी नजर व्हाइसवरून हलवली नाही. ती एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने ओढत राहिली. कपाळावरून घाम ओघळायला लागला. मला वाटलं, आता ही थांबणार आणि मला काहीतरी बोलणार, आणि ते मला ऐकून घ्यावं लागणार. तेवढ्यात टक् असा आवाज झाला. काडी मोडावी एवढाच. पाइप तिच्या हातात आला. स्टेमचे दोन तुकडे झाले होते, अगदी भोकांच्या रांगेतून.

ती स्टुलावर बसली. "त्या दिवशीच तुटला असता का, काका?"

"ते कोनालेच नाई सांगता येत, बाई. मैदानापर्यंत टिकला बी असता."

तिने तुकडे उलटेपालटे करून पाहिले. मग म्हणाली, "दादाले सांगा, नाई तुटला मनून. तो बरोबर जेवत नाई. मिलमदून येते आन् कोपऱ्यात बसते. तुटला मनलं तं त्याले वाटन, आपन बहिनीचा जीव घेत होतो."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ती गेल्यावर ते तुकडे खणात टाकले. धातूबद्दल मी आजवर खोटं बोललो नव्हतो. शाफ्ट टिकणार नसेल तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत आलो. पण हा शाफ्ट नव्हता.

खेमराज मिलची पुली घेऊन आला तेव्हा मी काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्याने पुली टेबलावर ठेवली आणि तिच्यावरचा हात काढलाच नाही.

"दुर्गा आली होती ना? तुटला का काका?"

तो खूप वाळला होता. बहिणीचं म्हणणं माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्याच्या डोळ्यांकडे पाहून ते बोलवेना.

"तुटला," मी म्हटलं आणि खणातून तुकडे काढून त्याच्यापुढे ठेवले.

त्याने तुकड्यांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, हा आता कोसळणार. त्याने तोंडावरून तळहात फिरवला आणि मोठा श्वास सोडला, कितीतरी दिवसांनी सोडावा तसा.

"बरं झालं, काका," तो म्हणाला. "मी रोज तेच इचार करून रायलो होतो. नसता तुटला तं तिची रेस मी फुकटची घालवली असती. आडवा झालो ते तं बरोबरच केलं ना मी?"

"बरोबर केलं," मी म्हटलं.

तो तुकडे रुमालात बांधून घरी घेऊन गेला. बहीणभाऊ काय बोलले, ते मी विचारलं नाही. आठ-दहा दिवसांनी दोघं एका मोटरसायकलवर आले, नवा, भरीव स्टेम घेऊन, आणि तो मी माझ्या हाताने बसवला. तेव्हापासून माझ्याकडे कुणी सायकल हलकी करायला आलं तर स्टेमबद्दल मी नुसतं नाही म्हणत नाही. का नाही, ते तोडून दाखवायला भोकं पाडलेला दुसरा एखादा जुना स्टेम माझ्या खणात ठेवलेला असतो.

गेल्या हिवाळ्यात त्याच रस्त्यावर परत शर्यत झाली, निवड याही वेळी पहिल्या दोघींचीच होणार होती. या वेळी मी आणि खेमराज सरळ शेवटच्या रेघेपाशी जाऊन उभे राहिलो. गर्दी होती, गुलाल होता, लाउडस्पीकर कानठळ्या बसवत होता. वळणावरून तीन-चार मुली एकदम आल्या आणि सगळ्याच पायडलवर उभ्या. दुर्गाने हँडल असं काही ओढलं की सायकल पार आडवी झाल्यासारखी दिसायची, मग दुसरीकडे, मग परत. माझ्या बाजूला खेमराज उभा होता. तो ओरडत नव्हता. आमच्या दोघांचे डोळे त्या मुठीएवढ्या तुकड्याला चिकटले होते. सायकली रेघेवरून गेल्या, धूळ उडाली, लोकांनी एकच गलका केला. दुर्गा लांब जाऊन थांबली, दोन्ही पायांवर नीट उभी.

खेमराजने माझा दंड धरला. "काका, पयली कोन आली?"

"मी कुठे पाहिलं?" मी म्हटलं.

आमच्या पुढे एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती. खेमराजने तिला विचारलं, ती पिवळ्या सदऱ्याची पोरगी कितवी आली.

बाईने आम्हा दोघांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "डोळे उघडे ठेवून उभे होता ना, बापा?" ती म्हणाली. "दुसरी आली ते."